निधान अप्पा, निधान!

बेळगावहून बागलकोट रस्त्याने सांबऱ्याला आले की नजर आधी आकाशात जाते. इथल्या २३०० मीटरच्या धावपट्टीवर माझा भाचा पंख्यांचं एटीआर उतरवायचा. आता तो एअरबस शिकतोय. सिम्युलेटरच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला. ताई रात्रभर जागीच.

"मावशी, इंजिनाचा जोर कमी केला की एटीआरला पंखेच आवरतात. जेट मात्र पुढे घरंगळतच राहतं. वेग खूप आधीपासून कमी करत आणावा लागतो," तो म्हणाला.

हजारो तासांची सवय मोडणं सोपं का? शेजारच्या अक्का एवढंच म्हणाल्या, "निधान अप्पा, निधान!" शिकवणाऱ्यांचंही तेच सांगणं होतं.

परवा तो पास झाला. जेट घेऊन सांबऱ्याला येईल, तेव्हा कुंपणापाशी आम्ही तिघी उभ्या असू.