चौकटीचं टेबल

‘टीपॉय’ या शब्दात चहा नाही, हे मी वर्गात मुलांना आवर्जून सांगत असे. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची. इंग्रजांनी तो इथून उचलला, त्याच्या स्पेलिंगमध्ये चहा ओतला, आणि आपण तो कौतुकाने परत घेतला. वस्तूंचंही असंच होतं बघा.

मुलाने पुण्यात नवीन घर घेतलं. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायला त्याला छोटी टेबलं हवी होती. मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाला, "आई, ही मिड-सेंच्युरी मॉडर्न स्टाइल." खाली निमुळते होत गेलेले, किंचित बाहेर झुकलेले पाय. नक्षी नाही, लाकडाच्या रेषा दिसतील एवढंच पॉलिश. मी म्हटलं, "अरे, आमच्या लहानपणी रेडिओ असल्याच टेबलावर असायचा!"

मग त्याने मला चंदीगडची हकिकत वाचायला दिली. ल कार्बुझिए यांचे नात्यातले भाऊ पिएर जानरे १९५१ साली तिथे आले आणि १९६५ पर्यंत राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्या-कॉलेजांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या-टेबलं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आखली; घडवली आपल्या सुतारांनी. पुढे जुनी झाली म्हणून ती भंगाराच्या भावात निघाली. परदेशी व्यापाऱ्यांनी नेऊन दुरुस्त केली, आणि तिकडच्या लिलावांत एकेका वस्तूला लाखो रुपये येऊ लागले. शेवटी २०११ साली केंद्र सरकारला विक्रीवर बंदी घालावी लागली.

नेमकं त्याच सुमारास अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं माझं माहेरचं कवेलूचं घर पाडायचं ठरलं. पावसाने भिंत खचली होती. भावाचा फोन आला, "ताई, दाराची चौकट जुन्या लाकडाचा व्यापारी मागतोय. देऊन टाकू?" बाबांनी बसवलेली सागवानी चौकट ती. मी म्हटलं, "देऊ नको. मी घेते."

आमचा वाढई माझाच विद्यार्थी. चौकट न्याहाळून म्हणाला, "बाई, एकदा कापली की पुन्हा जुळणार नाही. बघा बाप्पा." उंबऱ्यावर आईच्या हळदीकुंकवाचे डाग तसेच होते. याच चौकटीतून मी लग्न होऊन बाहेर पडले, याच चौकटीतून आईबाबांना बाहेर नेलं. दोन दिवस मी त्याला होकार दिला नाही. पण उभी चौकट ठेवायची कुठे? घराशिवाय चौकट म्हणजे अंगणात पडलेलं लाकूडच. वाळवीने खाल्लं असतं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "काप."

कडी-कोयंड्याचं भोक बुजवू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. जॉर्ज नाकाशिमा नावाचे मोठे कारागीर १९६४ साली अहमदाबादच्या एनआयडीत आले होते. ते लाकडाची भेग लपवत नसत. फुलपाखराच्या आकाराचा तुकडा आडवा बसवून ती सांधत. आमचं भोकही राहिलं. पाय एकही खिळा न मारता खाचेत बसवले.

मुलगा म्हणाला, "एवढ्या मजुरीत ऑनलाइन दोन तयार टेबलं येतात." मी म्हटलं, "येतात. पण भुशाच्या फळीवर लाकडाचा कागद चिकटवलेली." पुढे काही न बोलता त्याने ठरलेली मजुरी पूर्ण दिली.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. चंदीगडबद्दल जे वाचलं, त्यात आखणाऱ्यांची नावं होती. रंधा मारणाऱ्याचं एकही दिसलं नाही. म्हणून टेबल उलटं करून मी माझ्या विद्यार्थ्याला म्हटलं, "इथे तुझं नाव, गाव आणि तारीख लिही." तो लाजला, पण लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं!

असो. तुमच्याकडेही एखादं जुनं टेबल असेलच. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उलटं करून बघा. नाव नसेल, तर कोणी केलं होतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. विचारायला माणसं आहेत तोवरच.