पडद्याशेजारचा माणूस

वॉरन मिलर हा अमेरिकन माणूस बर्फाच्या डोंगरांवर लोकांना स्कीइंग शिकवायचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. तिथून सुटल्यावर त्याने छोटा कॅमेरा घेतला आणि सन व्हॅलीच्या गाडीतळावर, मित्रासोबत इवल्याशा ट्रेलरमध्ये राहून तो घसरणाऱ्या माणसांचं चित्रण करू लागला. १९५० मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला. मग हा शिक्षक रिळांचे डबे घेऊन गावोगाव फिरला. सिनेमा चालू असताना निवेदन तो स्वतः करायचा, तिथेच, लोकांसमोर. २०१८ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

बारामती-इंदापूरकडच्या आमच्या पिढीला बर्फ माहीत होता तो जत्रेतल्या गोळ्यापुरता. तरी हा माणूस आम्हाला परका वाटत नाही. सिनेमा आमच्याकडेही असाच, माणसाचा हात धरून यायचा.

जत्रेच्या आधी ट्रक यायचा. प्रोजेक्टर ट्रकमध्येच, आणि वर तंबूच्या कापडाच्या वळकट्या. दुपारी जीपला कर्णा बांधून वाड्यावस्त्यांवर पुकारा व्हायचा आणि उसाला पाणी धरणारा गडीसुद्धा खोऱ्यावर हात ठेवून ऐकायचा. अंधार पडल्याशिवाय खेळ नाही, म्हणून सगळं गाव मावळतीकडे डोळे लावून बसायचं. बसायला पोतं किंवा घोंगडी ज्याची त्याने न्यायची. मध्ये दोर बांधलेला, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. रीळ तुटलं की शिट्ट्या. मग ऑपरेटर शांतपणे टोकं कापून जोडायचा आणि तेवढ्या वेळात पुढे काय होणार यावर आमची भांडणं लागायची. ती भांडणं आम्हाला सिनेमाइतकीच प्रिय होती.

आता रीळ तुटत नाही. आवाज स्वच्छ, चित्र लख्ख, हवं तेव्हा थांबवा, हवं तेव्हा मागे न्या. थांबवलं तरी भांडायला शेजारी कुणी नसतं.

पण खरं बोलायचं तर तेव्हाचं चित्र ओरखड्यांनी भरलेलं असायचं, कर्ण्यातून निम्मे संवाद कळायचे नाहीत. आणि घरोघरच्या किती सुनांना तो सिनेमा नुसता ऐकायला मिळाला! रात्रीच्या खेळाला त्यांना कोण पाठवणार? भाकऱ्या थापताना लांबून गाणी ऐकायची, एवढाच त्यांचा वाटा. आज त्यांच्या मुली कामं आवरून फोनवर हवा तो सिनेमा बघतात, कुणाला न विचारता. तो तंबू आम्हाला कितीही सुंदर वाटला, तरी त्यापेक्षा हे चांगलं आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. सिनेमा बघायचा आपण आणि करायचा मुंबई-कोल्हापूरच्या माणसांनी, हे आम्ही धरूनच चाललो होतो. इंदापूरच्या पलीकडे, उजनीच्या पाण्यापल्याड करमाळा तालुक्यातलं जेऊर. तिथल्या नागराज मंजुळेंनी २०१३ मध्ये 'फँड्री' केला आणि २०१६ मध्ये 'सैराट'. शिरूरच्या परिसरातल्या भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून 'ख्वाडा' उभा केला. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या घरातली ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणालाही मिळाला. आमच्याकडच्या माळावरचा आवाज तिथवर पोचला. आमच्या तरुणपणी असं कुणी बोललं असतं, तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.

'सैराट' आला त्याच उन्हाळ्यात कान महोत्सवात 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' दाखवला गेला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजच्या मागे फिरून केलेला हा माहितीपट. तिथे त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. आमच्या मातीतला सिनेमा घराघरांत पोचला आणि तंबूचा सिनेमा आठवणीत जमा झाला, दोन्ही एकाच मे महिन्यात. आम्हाला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. अजूनही तसंच वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. नीरा-नरसिंहपूरच्या जत्रेत पुन्हा एकदा तंबू लागावा. मध्ये दोर नको, सासुरवाशिणी पुढच्या रांगेत हव्यात. पडद्यावर 'ख्वाडा' असावा आणि कऱ्हाडेंनी मिलरसारखं शेजारी उभं राहून मेंढरांविषयी, विकलेल्या रानाविषयी बोलावं. पोती आम्ही घरून आणू.