चेंजओव्हरचा खटका

वळवाचा पाऊस आला की लाइट जायची, हे इंदिरानगरात आम्ही धरूनच चालतो. पण मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी ती गेली तेव्हा नाना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे त्यांना दिवसाचे पंधरा-सोळा तास ते यंत्र लागतं. घरी इन्व्हर्टर होता. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. यंत्राला साधारण ३५० वॉट लागतात, शिवाय एक पंखा आणि एक दिवा. साडेतीन तासांनी इन्व्हर्टर शिटी वाजवू लागला. मग सिलिंडर जोडला आणि त्याच्या उतरत्या काट्याकडे बघत मी पहाटेपर्यंत जागी राहिले.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत निदान वेळापत्रक हातात असायचं. त्याप्रमाणे कुकर लावता यायचा, पाणी चढवता यायचं, मुलांचा अभ्यास मागेपुढे करता यायचा. श्वास मागेपुढे करता येत नाही. सकाळी ठरवलं, जनरेटर घ्यायचा.

दुकानात विचारलं तर ५ केव्हीएचा, बटणावर सुरू होणारा सायलेंट डिझेल सेट कर धरून सुमारे दोन लाखांना होता. १ जुलै २०२४ पासून धुराचे नियम कडक झाले, त्यामुळे सेट महागले असं दुकानदार म्हणाला. पैशांची जुळवाजुळव मी त्या दोन लाखांवरच केली होती.

मग अंबडच्या कारखान्यांत जनरेटर बसवणारे एक कंत्राटदार घर बघायला आले. त्यांनी आधी यंत्राचं नाव काढलंच नाही. अंगणात उभं राहून शेजारच्या काकूंच्या झोपायच्या खोलीची खिडकी कुठे आहे, ते पाहिलं. सायलेंट म्हटलं तरी एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाजाला नियमाने मुभा आहे; रात्री दोन वाजता तो चांगलाच ऐकू येतो. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. म्हणून सेट बंदिस्त जागेत नको, खिडकीखाली नको. मी मागच्या बोळातली जागा धरली होती, ती त्यांनी पुढे फाटकाजवळ आणली. केबल लांबली आणि खर्चही.

त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब असा होता: सिमेंटचा ओटा ९,०००. अर्थिंगचे चार खड्डे, दोन यंत्राच्या अंगाचे आणि दोन न्यूट्रलचे, मिळून १८,०००. केबल १४,०००. धुराचा पाइप छपराच्या वर नेण्यासाठी ६,०००. वाहतूक आणि उतरवणं ५,०००. चेंजओव्हर स्विच जोडणीसह ६,०००. म्हणजे यंत्र सोडून ५८,०००. लाइट गेल्यावर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलचे ३५,००० वेगळे होते. इन्व्हर्टर मधली काही मिनिटं सांभाळणार होता, म्हणून ते मी सोडून दिलं.

अजून काही वाचेल का म्हणून मी चेंजओव्हरवर बोट ठेवलं. "मेन स्विच पाडून जनरेटरची वायर थेट जोडली तर?"

"आणि मेन पाडायचा राहिला तर, ताई?" त्यांनी विचारलं. मग समजावून सांगितलं. जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर गेली की ती डीपीपर्यंत पोहोचते. डीपी अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला २३० देते. तिला उलट्या बाजूने वीज मिळाली तर ती २३० चे पुन्हा अकरा हजार करते. लाइन बंद आहे या भरवशावर वायरमन तेव्हा खांबावर असतो. चेंजओव्हरचा खटका एका वेळी एकाच बाजूला जातो. बाहेरची वीज आणि घरची वीज यांची गाठ पडतच नाही, मग घरातलं माणूस कितीही घाबरलेलं असो.

छपरावर सोलर बसवा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. पण बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःच बंद होतं. त्यामागेही हेच कारण, खांबावरचा माणूस. मी वहीतल्या त्या ओळीवरचं बोट उचललं.

जूनमध्ये सेट बसला. दोन लाखांत होईल वाटलेलं काम दोन लाख अठ्ठावन्न हजारांवर गेलं. चालवण्याचा खर्च निराळा. तासाला पाऊण ते एक लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास. अगदी कमी भारावर डिझेल इंजिनात काजळी धरते, म्हणून कॉन्सन्ट्रेटरसोबत फ्रीज आणि इन्व्हर्टरचं चार्जिंगही चालू ठेवायचं. दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटं भारासकट चालवून बघायचं. काकूंना ती वेळ विचारूनच ठरवली. त्यांच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन असतं. लाइट यायला उशीर झाला तर ते आमच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, हेही तेव्हाच ठरलं.

जुलैत एका रात्री फॉल्ट झाला. इन्व्हर्टरने नानांचं यंत्र धरून ठेवलं. मी खाली जाऊन खटका फिरवला, सेट सुरू केला. वर येऊन पाहिलं तर नाना शांत झोपले होते, नळीतून हवा नेहमीसारखी येत होती. बाल्कनीत गेले. समोरच्या खांबावर, भर पावसात, टॉर्च तोंडात धरून एक वायरमन चढत होता. त्याचा हात तारेकडे गेला आणि मी तशीच खाली धावले. खटका जनरेटरच्याच बाजूला होता, शेवटपर्यंत बसलेला. तरी त्याच्यावर हात ठेवून, तो माणूस खाली उतरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.