गाडी कुठे लावायची?

अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परतलेल्या माणसाकडे आपल्याकडे कीव करून बघतात. मी नायगारा पाहिला नाही. मी पाहिले ते यूटा राज्यातले वाळवंट. आणि त्यातही मनात घर करून राहिली असेल तर मोटार उभी करायची एक जागा!

चिरंजीव सॉल्ट लेक सिटीत नोकरीला असतात. तिथून मोटारीने चारएक तासांवर मोअब नावाचे गाव, आणि गावाजवळ कॅनियनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान. ‘उद्यान’ म्हटल्यावर सौ.च्या डोळ्यांपुढे पुण्याची सारसबाग आली होती. प्रत्यक्षात तिथे तांबडे कडे, खोल दऱ्या आणि डोक्यावर न संपणारे आभाळ. कड्यांच्या पायथ्याशी, पांढऱ्या खडकाच्या काठाकाठाने शंभर मैलांचा कच्चा रस्ता वळणे घेत जातो. त्याला ‘व्हाइट रिम’ म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी तिथल्या अणुऊर्जा आयोगाने तो काढला. युरेनियम फारसे हाती लागले नाही. रस्ता तेवढा मागे राहिला. १९६४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता चारही चाकांना जोर असलेल्या उंच गाड्या घेऊन हौशी मंडळी दोन-तीन दिवसांत ती फेरी पुरी करतात. वाटेत पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही. गाडी अडली तर ओढून आणायला हजारावर डॉलर पडतात, हे चिरंजीवांनी निघाल्यावर सांगितले. आधी सांगितले असते तर सौ. आलीच नसती.

आम्ही तीन कुटुंबे, तीन गाड्या, बारा माणसे. आदल्या रात्री मोअबला एक चौथे बिऱ्हाड येऊन मिळाले. नवरा, बायको, लहान मुलगी आणि नवीकोरी जीप. मला आनंद झाला. चिरंजीवांचा चेहरा मात्र उतरला.

“बाबा, परवाना तीन गाड्यांचा आहे. एका तळावर तीन गाड्या आणि पंधरा माणसे, त्यापुढे नाही.”

“अरे, आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचे? एवढ्या अफाट वाळवंटात एका गाडीला जागा नाही?”

तो काही बोलला नाही. माणसे मोजली तर बरोबर पंधरा भरली. तेव्हा ती जीप गावातच ठेवली आणि माणसे आमच्या गाड्यांत कोंबली. माझ्या मांडीवर पिठल्याच्या सामानाची पिशवी, पायांशी पाण्याचे डबे. शेफर ट्रेलच्या नागमोडी उतारावरून दीड हजार फूट खाली उतरेपर्यंत मी नियम करणाऱ्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते इथे न लिहिलेले बरे.

मर्फी हॉगबॅकच्या मुक्कामी पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. हॉगबॅक म्हणजे डुकराची पाठ. चढ नावाला शोभेल असाच. वर तळाची मोकळी, तुडवलेली जागा. तंबू तिथेच ठोकायचे, गाड्याही तिथेच. लाकडे पेटवायची नाहीत. दोन गाड्या लागल्या. तिसरी लावायला चिरंजीवांचा मित्र धडपडत होता. आता, वाड्याच्या बोळात टांग्यापासून टेम्पोपर्यंत सगळे मागे घेववलेला माणूस मी! पुढे झालो आणि हात हलवू लागलो.

“ये, ये, ये... अजून ये... भरपूर जागा आहे!”

पापड मोडावा तसा आवाज झाला. चिरंजीव ओरडले, “थांब!”

मागचे चाक हातभर बाहेर गेले होते. मला दिसली ती काळपट, फुगीर माती, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. चिरंजीवांनी विजेरी धरली आणि हळू आवाजात सांगितले, ती माती जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव, शेवाळे आणि दगडफूल मिळून तो पापुद्रा विणतात. वाळू धरून ठेवणारा तोच. पावसाचे पाणी आणि नत्र झाडाझुडपांना मिळते त्यातही त्याचा वाटा. एकदा चिरडला की पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. पुरता भरून यायला माणसाचा जन्मही अपुरा पडावा. तिसऱ्या गाडीलाच जिथे जपून उभे राहावे लागत होते, तिथे चौथी कुठे गेली असती, हे मला कुणी निराळे सांगावे लागले नाही.

रात्री पिठले उत्तम झाले होते म्हणे. मला चव लागली नाही.

सकाळी उद्यानाची एक रक्षिका गाडीतून आली. तिने विचारण्याआधीच मी पुढे गेलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, “गाडी त्या मुलाची, पण चूक या हाताची.” तिने खूण पाहिली, वहीत काही लिहिले. गाडी त्याच खुणेवरून सरळ पुढे काढायला सांगितली, आणि सारवासारव करायला कुणी आत पाऊल टाकू नये असे बजावले. दंडाचे तिने काही काढले नाही. पण या मुलखात खाणवाल्यांच्या काळातल्या चाकांच्या खुणा अजून दिसतात, एवढे तिने जाता जाता सांगितले. मी मनात वजाबाकी केली. त्या खुणा पडल्या तेव्हा मी बिगरीत असेन.

दुसरा मुक्काम ग्रीन नदीकाठी, पोटॅटो बॉटमला. योगायोगाने त्या दिवशी कोजागिरी होती. गॅसच्या शेगडीवर दूध आटत होते. तिसरी गाडी लावायची वेळ आली, मित्राने काच खाली करून माझ्याकडे पाहिले, आणि मी सवयीने खुर्चीतून उठू लागलो. तेवढ्यात सौ.ने माझ्या एका हातात दुधाचा पेला दिला आणि दुसऱ्या हातात चिवड्याची बशी.