झांजीबारचे देऊळ

गेल्या मे महिन्याच्या सुटीत झांजीबारला जाण्याचा योग आला. लवंगांचे बेट, एवढीच माझी त्या ठिकाणाची कल्पना! दारेसलामहून बोटीने उतरलो, दोन दिवस गल्लीबोळांतून हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी एका ख्रिस्ती देवळात जाऊन उभा राहिलो.

बिशप स्टीअर यांनी उभारलेले हे देऊळ गुलामांच्या बाजाराच्या जागेवर आहे. ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्घशने इंग्रजांच्या दडपणाखाली तहावर सही केली आणि बाजार बंद पडला. माणसांना ज्या खांबाला बांधून फटके मारीत, तो खांब आजच्या वेदीच्या जागी होता, असे वाटाड्याने सांगितले. वर म्हणाला, "पाहा, धर्माने बेड्या तोडल्या!"

माझे मन मात्र हे सहजी मानीना. बाजार भरविणारेही धर्मनिष्ठच होते. गुलाम मुक्त करणे हे तर त्यांच्या धर्मात पुण्यकर्म! इंग्रजांच्या एका धर्मप्रसारक मंडळाचे बार्बाडोस बेटावर उसाचे मळे होते आणि १८३४ पर्यंत तिथे गुलामच राबत. 'आपले तसे नव्हते,' असे मनाशी म्हणतो आहे, तोच वाटाडा म्हणाला, "तुमच्या कच्छी सावकारांकडेही गुलाम असत. १८६० च्या सुमारास रिग्बी या इंग्रज वकिलाने तसे हजारो सोडविले."

मी गप्प झालो. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, हे मला ठाऊक नव्हते थोडेच!

देवळात एक लाकडी क्रूस आहे. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारला. ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले, त्या झाडाचे हे लाकूड. तिथे अंत्यप्रार्थना म्हणणारा आणि खोडावर अक्षरे कोरणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकी तरुण. तो शिकला कुठे? आमच्या नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये!

शरणपूर रस्त्याने मी वर्षानुवर्षे कॉलेजात जातो. मिशन कुणाचे, धर्म कोणता, हे सारे खरे. पण खांबाचा दोर सोडून एका पोराच्या हाती कुणीतरी पाटी दिली होती. धर्माची पोथी बांधणाऱ्याच्याही हाती असते आणि सोडविणाऱ्याच्याही.

हल्ली त्या रस्त्याने जाताना माझी पावले रेंगाळतात.