सावतोबांची मोट कोणी शिवली?

गेल्या कार्तिकात काकड्याच्या चौथ्या दिवशी आमच्या भजनी मंडळाच्या मृदंगाची वादी तुटली. पहाटेची थंडी, भूपाळ्या नुकत्याच संपलेल्या, आणि मृदंगावरच्या पोराने थाप दिली तर धुमेकडून नुसता भद्द आवाज आला. पाहतो तो वादी एका जागी कुजून तुटलेली आणि तिच्याखालचा लाकडी गठ्ठा सतरंजीवर घरंगळलेला. त्या दिवशीचा काकडा टाळांवरच झाला.

नंतर पोरे म्हणाली, "महाराज, आता नटबोल्टाचाच मृदंग घेऊन टाकू. पान्ह्यानं कसला की झालं. हे कातड्याचं झेंगट कोन सांभाळते?" त्यांचे काही चुकत नव्हते. पावसाळ्यात पुडी उतरते, उन्हाळ्यात चढते, आणि वादी भरून देणारा माणूस आता हाकेच्या अंतरावर राहिलेला नाही. मी म्हणालो, "दोन दिवस द्या. मी पाहतो."

म्हणालो खरा, पण मृदंग खांद्याला लावून घरी येईपर्यंत पाय जड झाले. आमची जात गावाला ठाऊक आहे. पण माझ्या हाताला हे काम येते, हे त्या पोरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आणि ते कोणाला ठाऊक होऊ नये याची तजवीज पन्नास वर्षे मीच करत आलो होतो.

माझे बाबा वहाणा शिवत आणि मोटा शिवत. आजच्या पोरांनी मोट पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. विहिरीतून पाणी काढायची ती कातड्याची मोठी पिशवी. तोंडाला लोखंडी कडे आणि खाली निमुळती होत गेलेली सोंड. बैल धावेवर उतरले की मोट भरून वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. या पिशवीचा एक टाका जरी ढिला असला तरी निम्मे पाणी विहिरीतच परत. बाबा शिवून झालेली मोट पाण्याने भरून झाडाला टांगून ठेवत आणि खाली बसून बिडी ओढत. बिडी संपेपर्यंत जमिनीवर थेंब पडला नाही तरच मोट शेतकऱ्याच्या हवाली. पुढे इंजिने आली, मग विजेचे पंप आले, मोटा गेल्या. उरल्या वहाणा आणि मृदंग-ढोलकीच्या वाद्या.

मी कीर्तनात सावतोबांचे आख्यान किती वेळा लावले असेल याची गणती नाही. अरणचा मळा, कांदा, मुळा, भाजी, मोट, नाडा, विहीर, सगळे सांगायचो. मोटेच्या धावेवर श्रोते डोलायचे. पण ती मोट कोणी शिवली असेल, हा प्रश्न चाळीस वर्षांत मी एकदाही श्रोत्यांपुढे ठेवला नाही. गोरोबांचे मडके, सेना महाराजांचा वस्तरा, नरहरी सोनारांची हातोडी, नामदेवरायांच्या घराण्याची सुई, सगळ्यांच्या हत्यारांवर निरूपण केले. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातल्या स्वकर्माच्या पूजेवर तर मी हातखंडा म्हणून ओळखला जात होतो. काशीच्या रोहिदासांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही आहेत, हेही मोठ्या अभिमानाने सांगायचो. उत्तरेचे रोहिदास सांगायला सोपे होते. वलगावचे बाबा सांगणे अवघड होते.

बाबा वारकरी होते. त्यांच्या वडिलांनी पंढरपुरात जाऊनही विठ्ठल पाहिला नव्हता. नामदेव पायरी आणि समोरची चोखोबांची समाधी, तिथपर्यंतच त्यांची वारी. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवसांचे उपोषण केले आणि त्यानंतर दार उघडले. बाबांनी पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवले ते त्यानंतरच्या एका वारीत. ते सांगताना बाबा देवाच्या मुखाचे वर्णन करत नसत. म्हणत, "पाय लय झिजले हायत रे त्याचे." वहाणा शिवणाऱ्याची नजर पायांवरच जायची.

आणि गाडगेबाबा. वलगावच्या माणसाने त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच पेढी नदीच्या पुलाजवळ गाडीत बाबांनी देह ठेवला. मी पाच वर्षांचा होतो. माणसे धावत गेली तेवढे आठवते, आणि आमचे बाबा हातातली आरी तशीच घेऊन गेले तेही आठवते. ज्या गावात कीर्तन करायचे त्या गावाचे रस्ते गाडगेबाबा आधी खराट्याने झाडत. आमचे बाबा म्हणायचे, "झाडनारा एवढा मोठा, मग शिवनारा काऊन लहान?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी त्यावेळी उत्तर दिले नाही, आणि पुढे जे वागलो तेच माझे उत्तर झाले.

सतराव्या वर्षी मी आळंदीला शिकायला गेलो. पाठांतर चांगले, गळा चांगला. माधुकरीला जायचो त्या घरी एकदा विचारले, घरी काय करतात? मी म्हणालो, शेती. कोणी दटावले नव्हते, कोणी हिणवले नव्हते. आपणहून म्हणालो. पुढच्या कार्तिक वद्य एकादशीला बाबा आळंदीला आले. मी घाटावर सोबत्यांबरोबर उभा होतो. बाबांच्या हातात धडप्यात बांधलेला वहाणांचा नवा जोड होता. एका सोबत्याने विचारले, हे कोण? मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत."

बाबांनी ऐकले. हात जोडून म्हणाले, "हो जी, गावचाच हाय." जोड माझ्या पायापाशी ठेवला आणि दर्शनबारीकडे निघून गेले.

तो जोड मी एक दिवसही घातला नाही. एका सोबत्याला देऊन टाकला. बाबा त्यानंतर वीस वर्षे जगले. त्यांनी या गोष्टीचा शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात मी दुसऱ्या जिल्ह्यात सप्ताहात होतो. परत आलो तेव्हा हत्यारांचे पोते कोणीतरी कोठीच्या माळ्यावर टाकलेले होते. ते तिथेच राहिले.

मृदंगाच्या निमित्ताने ते पोते खाली आले. रापी गंजलेली, आरीची मूठ भुंग्याने पोखरलेली, तीन पायांची लोखंडी ऐरण मात्र जशीच्या तशी. घासून, धार लावून, मूठ बदलून घेतली. अमरावतीहून म्हशीचे कमावलेले कातडे आणले. वादी कापायची बाबांची रीत डोक्यात होती. ताटाएवढा गोल तुकडा घ्यायचा आणि बाहेरून आत, जिलबीसारखी, करंगळीच्या रुंदीची पट्टी कापत जायची. मध्ये कुठे जोड नाही, गाठ नाही, आणि एवढ्याशा तुकड्यातून बारा-तेरा हात वादी निघते. निघते म्हणजे बाबांची निघायची. माझी तीनदा मध्येच तुटली. कातड्यात एखादी जागा पातळ असते, ती रापीच्या आधी बोटांना कळावी लागते. माझी बोटे पन्नास वर्षे चिपळ्या धरून बसली होती.

शेवटी अमरावतीच्या एका रस्त्याकडेच्या कारागिराकडे चार दिवस जाऊन बसलो. वयाने माझ्याहून लहान. मला खाली बसलेले पाहून तो संकोचला. "महाराज, तुमी काऊन बसता इथं? ठेवून जा, मी करून देतो." मी म्हणालो, "भाऊ, मले वादी नाई पाहिजे, हात पाहिजे." तो हसला आणि सरकून जागा दिली. त्याने एवढेच सांगितले की कातडे कोरडे कापता तुम्ही, आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पन्नास वर्षांत हे मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी वादी अखंड निघाली. भिजवून ती गजऱ्याच्या घरांतून ओवली, ओल्या हाताने एक-एक फेर ताणला, गठ्ठे बसवले आणि सावलीत वाळू दिली. वाळताना कातडे स्वतःच आवळते. माणसाने फक्त सगळीकडे सारखे ताणून ठेवायचे. सहाव्या दिवशी धुमेला कणीक लावून मृदंग मंदिरात नेला. दोन दिवस म्हणालो होतो, सहा लागले.

एका माळकरी मित्राने विचारले, गळ्यात तुळस आणि हातात कातडे, हे कसे? प्रश्न खोटा नाही. मलाही तो सतावत होता. पण मृदंगाला आपण वाजवण्याआधी हात लावून कपाळाला लावतो. चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. दोन्ही बाजूंना कातडेच आहे. मृदंगाला पाया पडणाऱ्याने त्याच्या वादीला हात लावायला का कचरावे, हे मला समजत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो. तो गप्प झाला. पटले की नाही, विचारले नाही.

पोत्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या पानांची एक चळत होती. बाबा गिऱ्हाइकांच्या पायाचे माप कागदावर पेन्सिलीने काढून ठेवत, लिहिता येत नसल्याने कोपऱ्यात खुणा करत. कुणाला बैल, कुणाला पगडी, कुणाला विहीर. एका कागदावर वीणा काढलेली होती. पाय तरुण पोराचा. मी आळंदीला गेलो तेव्हा त्यांनी माप घेतल्याचे मला आठवत नाही. झोपेत घेतले असावे.

त्या मापावर मी जोड शिवायला घेतला. आता माझा पाय त्या रेघेबाहेर जातो, तरी रेघ बदलली नाही. पहिल्या जोडाचा अंगठा तिरका गेला, दुसऱ्याची वेणी उसवली. तिसरा बरा आहे. बाबांच्या टाक्यांत जे अंतर एकसारखे असायचे ते माझ्यात अजून नाही, आणि या वयात येईल असे वाटत नाही. तो देव्हाऱ्याखाली ठेवला आहे.

पुण्यात आषाढीच्या वेळी चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. मुक्कामाच्या वाटेवर त्यांच्यासमोरची रांग मी कितीदा पाहिली, आणि मान खाली घालून पुढे गेलो. आपल्या गावावरूनही शेगावला जाणाऱ्या पायी दिंड्या जातात. या माघात मी ऐरण, आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसलो. नातवाने पाण्याचा रांजण भरून ठेवला. दुपारपर्यंत चाळीसेक चपला झाल्या. बहुतेक रबरी, प्लास्टिकच्या. आरी आत घालायची, खाचेत दोरा अडकवायचा, वर ओढायचा. रबराला टाका धरत नाही, तरी शेगावपर्यंत तग धरावा म्हणून दुहेरी घातला.

एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या. डोक्यावर तुळस होती. चपलेचा पट्टा मुळापासून निघालेला. माझ्या कपाळावरचा बुक्का, गळ्यातली माळ, पांढरी दाढी त्यांनी नीट न्याहाळली. म्हणाल्या, "महाराज, म्या तुमचं कीर्तन आयकलं हाय. हे काम कुठं शिकले जी तुमी?"

"बाबांपाशी," मी म्हणालो. "मोटा शिवत ते. आमचं घरचंच काम हाय, माय."

"असं व्हय," त्या म्हणाल्या आणि तुळस खाली उतरवून निंबाला टेकून बसल्या. मी पट्टा लावून दिला आणि दुसरीही चप्पल मागून घेतली. तिचाही टाका ढिला होता.