नकाशातली तुटक रेघ

‘ट्रेल रनिंग’ला मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न आमच्या रविवारच्या ग्रुपवर एकदा निघाला. रानधाव, पायवाट-धाव, डोंगरदौड अशी बरीच उत्तरं आली. घरी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "कामधंदा नसलेल्यांची पळापळ."

तिचं चुकत नाही. आम्ही वराळ्याचे. तळेगावच्या उत्तरेला, इंद्रायणीच्या काठावरचं गाव. आजीचं माहेर भंडारा डोंगराच्या पायथ्याला. तिचं निम्मं आयुष्य डोक्यावर लाकडाचा, गवताचा नाहीतर भाताच्या पेंढ्याचा भारा घेऊन चालण्यात गेलं. तिच्या नातवाने हिंजवडीत पाच दिवस कोड लिहायचं आणि रविवारी पहाटे उठून, महागडे बूट घालून त्याच वाटांवर विनाकारण पळायचं, हे तिला विनोदीच वाटणार.

माझा नेहमीचा मार्ग असा: वराळ्यातून नदीच्या अंगाने निघायचं, तळेगाव–चाकण रस्त्यावरचा पूल ओलांडून इंदुरीत शिरायचं, सेनापती दाभाड्यांच्या गढीवरून पुढे भाताच्या खाचरांमधून भंडाऱ्याच्या पायथ्याला जायचं आणि मग चढाई. डोंगरावर डांबरी रस्ताही जातो. आम्ही तो टाळतो.

सह्याद्रीत धावणं हे रस्त्यावरच्या धावण्यासारखं नाही, याचं कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. चढ एका लयीत येत नाही. छाती फुटेल असं वाटतं आणि तेवढ्यात पठार लागतं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, उन्हाळ्यात सुटा मुरूम पायाखाली छर्‍यांसारखा घरंगळतो. उतरताना पावलं छोटी ठेवायची, नजर दोन-तीन पावलं पुढे. तीव्र चढावर सरळ चालायचं. त्यात कमीपणा काही नाही, शंभर किलोमीटर धावणारेही चढ चालूनच काढतात.

मला मात्र धावण्यापेक्षा वाटेचंच जास्त नवल वाटत आलं आहे. भारा घेतलेला माणूस वाट पाडतो तेव्हा तो उगाच चढत नाही आणि उगाच उतरतही नाही. ओढा जिथे उथळ तिथेच ओलांडतो, दम लागेल तिथे सावलीचं झाड धरतो. एखादं वळण गैरसोयीचं निघालं तर पुढच्या पिढीत ते चार हात सरकतं. आम्ही ऑफिसात एखादा अल्गोरिदम सुधारत बसतो, तसं हे काम शेकडो वर्षं, हजारो पायांनी चाललेलं आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ आज देशभरातल्या धावपटूंना माहीत आहे. पण त्या डोंगरांतल्या वाटा स्पर्धेसाठी कुणी खोदल्या नव्हत्या. त्या आधीच तिथे होत्या.

मावळात तर अशा वाटांची दाटी आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी जिथे आहेत तिथून बोरघाटाकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता होता. शेलारवाडीच्या घोरावडेश्वर डोंगरावरही लेणी आहेत आणि तिथल्या एका लेखात नांगर धरणाऱ्या कुटुंबातल्या बाईने दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही या डोंगरांच्या वाटेला शेतकऱ्याचेच पाय लागत होते. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज हजारो बैल आणि अवजड तोफा घेऊन याच भागातून पुण्याकडे निघाली, ती तळेगावाहून मागे फिरली आणि वडगावला तिला शरण यावं लागलं. त्यात मराठ्यांच्या डावपेचांइतकाच इथल्या वाटा माहीत असण्याचाही वाटा होता, असं मला या भागात धावताना नेहमी वाटतं.

आणि भंडारा म्हटलं की तुकाराम महाराज. एकांतासाठी ते देहूहून इथे येत. पण धावणाऱ्यांनी लक्षात ठेवावी ती आवली. त्यांच्यासाठी भाकरी घेऊन ती डोंगर चढायची. वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला स्वतः विठ्ठल आला, अशी कथा आहे. महाराज वर बसले, हे सगळ्यांना माहीत असतं. रोज खालून वर भाकरी कोण नेत होतं, हे त्या काट्यामुळे लक्षात राहिलं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये, भाताची काढणी उरकली तेव्हा, पायथ्याच्या वाटेवर तारेचं कुंपण उभं राहिलं. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार आणि आत प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे. आमचा ग्रुप हळहळला, कुणीतरी दुसरा रूट शोधला आणि पुढच्या रविवारी आम्ही तिकडून पळालो. आम्हाला तेवढंच पुरेसं होतं. पण आप्पाकाका, म्हणजे आजीचा भाचा, त्याला पर्यायी रूट नव्हता. त्याची दोन खाचरं कुंपणापलीकडे. त्याच वाटेने तिकडच्या वस्तीवरच्या बायका दूध घेऊन डेअरीवर येतात. वळसा घालून जायचं तर पाऊण तास जास्त.

मी आधी माझ्या परीने पुरावा काढला. तीन वर्षांच्या माझ्या धावांच्या नोंदी तारखेनिशी होत्या. मग स्ट्राव्हाचा हीटमॅप उघडला. त्यात जिथे जास्त लोक धावतात तिथे रेघ उजळते. भंडाऱ्याचा डांबरी रस्ता लखलखत होता. आमची पायवाट अगदी फिकट, रविवारच्या पाच-सात घड्याळांपुरती. दूध नेणाऱ्या बायका त्यात कुठेच नव्हत्या. आप्पाकाका नव्हता. आजी तर नव्हतीच. ज्यांच्या चालण्याने वाट झाली त्यांचा डेटाच नाही, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांच्या डेटावरून ती वाट ‘फारशी वापरात नाही’ असं कुणीही म्हणू शकेल.

आप्पाकाका वेगळ्या नकाशाच्या मागे लागला. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणली. या नकाशांची एक भाषा असते. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. आमची वाट त्यात तुटक एकेरी रेघेने होती. सव्वाआठ फूट! आमच्या लेखी ती दोन पावलांची सिंगल ट्रॅक होती.

मग कायदा वाचला. वापरातली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. हे आपल्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं. मला इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

फेब्रुवारीत अर्ज गेला. एप्रिलमध्ये स्थळपाहणी झाली. मी जीपीएसच्या प्रिंट घेऊन उभा होतो. पंचनामा लिहिणाऱ्यांनी त्या पाहिल्या, विचारलं, "तुम्ही खातेदार का?" नाही म्हटल्यावर कागद फाइलच्या शेवटी गेले. त्यात वावगं काही नाही. माझी हौस अडली होती, आप्पाकाकाचं शेत अडलं होतं.

आजीला गाडीत घालून नेलं होतं. "आजी, वाट कुठून होती, सांगता का?" असं विचारल्यावर तिने तारेकडे पाहिलंही नाही. हाताने दाखवत गेली. तिथे करवंदीची जाळी होती, तिथून ओढ्यात उतरायचं, पलीकडे आंब्याखाली भारा टेकवायचा दगड, तिथून डाव्या हाताला सोंडेवर. "आत्या, आंबा कधीच पडला," आप्पाकाका म्हणाला. "पडू दे, दगड असेल," ती म्हणाली. कुंपणाच्या आत, वाढलेल्या गवतात, कमरेइतका सपाट दगड निघाला. मी मोबाइलवर गावनकाशा उघडून तिची वळणं मोजत होतो. तुटक रेघ त्याच जागी वळत होती.

निकाल अजून यायचा आहे. त्यामुळे वाट सुटली असं सांगता येत नाही. पण मावळात हा प्रश्न एका कुंपणाचा नाही. जिथे शहराला ‘व्ह्यू’ दिसतो तिथे गावाची रोजची ये-जा असते. शेजारच्या कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जणांचा जीव गेला. तो रविवार होता, पुलावर फिरायला आलेल्यांची गर्दी होती. बातम्यांत ते पर्यटनस्थळ होतं. आजूबाजूच्या लोकांसाठी तो नदी ओलांडायचा पूल होता.

आमच्या ग्रुपने एक गोष्ट सुरू केली आहे. ज्या वाटेवर धावतो, त्या गावच्या नकाशात ती आहे का, हे पाहायचं. असेल तर गावातल्या कुणाला तरी नक्कल द्यायची. नसेल तर ती वाट कोण वापरतं, कशासाठी, कधीपासून, हे विचारून लिहून ठेवायचं. त्यासाठी थांबावं लागतं, चहा घ्यावा लागतो, आणि घड्याळातला पेस पार बिघडतो.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "चला, काहीतरी कामाला लागलात."